हे 'देतो' कितव्या नंबरचं?

आमच्या घरात 'नाही' म्हणायची पद्धत नाही. 'बघू' आहे, 'करू' आहे, 'होईल की' आहे, 'देतो' आहे. माझे मोठे दीर आमच्या कारखान्याचे मालक. त्यांनी उभ्या आयुष्यात कुणाला तोंडावर नाही म्हटलेलं मी ऐकलं नाही. मला तर मुळीच नाही. पंधरा वर्षांपूर्वी माझा नवरा गेला, तेव्हा मी म्हटलं होतं, भाऊजी, मी माहेरच्या गावी जाऊन शिकवण्या घेते. ते म्हणाले, "जा की. मी स्वतः सोडायला येतो. एवढा महिना जाऊ दे." तो महिना अजून चालू आहे.

कारखाना रबरी वायसरांचा. मोठ्या पंपांत, पाइपांच्या जोडांत बसतात ते. बांगडीएवढ्यापासून परातीएवढ्यापर्यंत सगळे आकार. माल परदेशी जातो म्हणून पत्रव्यवहार इंग्रजीत, आणि तो सगळा माझ्या गळ्यात. लग्नाआधी दोन वर्षं मी शाळेत इंग्रजी शिकवत होते, तेवढ्या भांडवलावर. कारखान्यात मी 'मॅडम काकू', घरात 'धाकटी'. वय एकोणपन्नास, केस निम्मे पांढरे, गुडघा कुरकुरतो, तरी धाकटीच!

घर आणि कारखाना एकाच आवारात. माझी खोली मागच्या अंगाला. खिडकी उघडली की शेडची भिंत, हात लांब केला तर लागेल एवढ्यावर. तापलेल्या रबराचा वास माझ्या उशीलासुद्धा येतो. सकाळी नऊला स्वैपाकघरातून निघून एकेचाळीस पावलं चालले की ऑफिस, संध्याकाळी सहाला तीच एकेचाळीस पावलं परत. फाटकाबाहेर जायला कारण लागतं. कारण सांगितलं की माझी मोठी जाऊ म्हणते, "अगं, ड्रायव्हर चाललाच आहे तिकडे, तो आणेल." तिला मी ताई म्हणते. स्वभावाने वाईट नाही हो. वाईट असती तर बरं झालं असतं, भांडून मोकळी तरी झाले असते.

आता पत्रांचं सांगते. पहिल्याच वर्षी एक भानगड झाली. भाऊजी म्हणाले, "त्यांना कळव, पंधरा तारखेला माल पाठवतो." मी इमानदारीत लिहिलं, 'वुई विल'. पंधरा गेली, तीस गेली, तिकडे त्या लोकांचा पंप बंद पडला आणि त्यांचं असं पत्र आलं की वाचताना माझे कान गरम झाले. मी ते भाऊजींच्या टेबलावर आपटलं. "तुम्ही पाठवतो म्हणाला होतात!"

ते शांतपणे म्हणाले, "अगं, पाठवतो म्हणजे पाठवायचं मनात होतं."

कपाळ माझं! मराठीत हा माणूस एका 'पाठवतो'मध्ये सगळं बसवतो. नक्की पाठवणार तेही, मनात आहे तेही, जमलं तर बघू तेही आणि अजिबात पाठवणार नाही तेही. इंग्रजीत हे खपत नाही. निदान मी खपवून घेत नाही. त्या दिवशी मी चार बोटं ठरवली. एक बोट म्हणजे नक्की, आभाळ कोसळलं तरी. दोन म्हणजे मनात आहे, तयारी चालू आहे. तीन म्हणजे आशा आहे, पुढचं आपल्या हातात नाही. चार म्हणजे नाही, पण तसं म्हणवत नाही. प्रत्येकाचं इंग्रजी वेगळं बांधलं, नावाची जागा मोकळी ठेवून चार मसुदे छापून घेतले आणि हिरव्या फायलीत लावले. पहिल्या तिन्हींत तारखेचीही जागा होती. चौथ्यात नव्हती. तेव्हापासून माझा शिरस्ता ठरला. मी केबिनच्या दारातून विचारायचं, "भाऊजी, हे पाठवतो कितव्या नंबरचं?" आणि त्यांनी फोन कानाला तसाच धरून बोटं वर करायची. फोनवर तोंडाने 'हो हो, पाठवतो की' चाललेलं असायचं आणि वर चार बोटं! पण माझ्याशी बोटं कधी खोटं बोलली नाहीत.

चार नंबरचं पत्र ही माझी करामत. 'आपली विनंती मिळाली. आपण आमच्या परिवारातलेच आहात. आपल्या गरजेची आम्हाला पुरेपूर जाणीव आहे. आम्ही तिचा मनापासून विचार करत आहोत आणि योग्य वेळ येताच आपल्याला अवश्य कळवू.' हे सगळं अशा मऊ इंग्रजीत लिहिलेलं, की वाचणाऱ्याला पुन्हा विचारायची लाज वाटावी. त्या पत्रावर आजवर कुणी भांडायला आलं नाही.

एक आला, पण तो भांडला नाही. आम्ही त्याला टोपीवाला म्हणायचो. दूरदेशीचं गिऱ्हाईक. त्याला दोनदा चार नंबर गेलं. तिसऱ्या वेळी त्याने पत्र पाठवलं नाही, स्वतःच आला. डोक्याला टोपी, हातात बॅग. भाऊजींच्या केबिनसमोर भेटायला येणाऱ्यांसाठी एक बाक आहे, मधे काच आहे. त्या बाकावर बसला. "माल मिळाला की जातो," म्हणाला. आवाज चढवला नाही की काही नाही. खिशातली बिस्किटं खाल्ली, पाणी प्यायला आणि बसून राहिला. भाऊजींनी खुर्ची फिरवून पाहिली, काचेचा पडदा ओढून पाहिला, जेवायला मागच्या दाराने जाऊन आले. साडेचारला त्याची खोकी गाडीत चढली.

"समोर येऊन बसलेल्या माणसाचं काय करणार गं?" भाऊजी मला नंतर म्हणाले. "पत्राला उत्तर तरी देता येतं."

आणखी एक. भाऊजींचं इंग्रजी जेमतेम. म्हणून सहीला ठेवलेल्या प्रत्येक पत्राच्या खालच्या कोपऱ्यात मी हिरव्या पेनाने बरोबरची खूण करते. तुम्ही म्हणालात तेच लिहिलं आहे, असा त्या खुणेचा अर्थ. खूण दिसली की ते सही ठोकतात. इतक्या वर्षांत त्यांनी एक पत्र वाचलेलं नाही.

तर गेल्या महिन्याच्या तीन तारखेला मला पत्र आलं. माझ्या नावाचं! दुसऱ्या शहरात एक संस्था आहे, ऑफिसात काम करणाऱ्यांना इंग्रजी पत्रव्यवहार शिकवते. मी गुपचूप अर्ज केला होता. मुलाखत फोनवर दिली, दुपारी ताई आडवी झालेली असताना, गोडाउनमध्ये खोक्यांच्या मागे उभी राहून. पलीकडच्या बाईंनी इंग्रजीत विचारलं, पुढच्या दोन वर्षांचा तुमचा विचार काय आहे? आणि माझ्या तोंडून आलं, 'वुई इंटेंड टू'.

त्या म्हणाल्या, "आम्ही म्हणजे कोण?"

मला घाम फुटला. पंधरा वर्षांत हजारो पत्रं लिहिली, पण त्यांत 'मी' असा नव्हताच कुठे. आम्ही पाठवू, आम्ही कळवू, आमची इच्छा आहे. "मी," म्हटलं. "एकटी मी." आणि मग काय काय बोलले ते आठवत नाही, पण त्यांना आवडलं असावं.

जागा मिळाली. राहायला खोलीसुद्धा, संस्थेच्या आवारातच. अट एकच. हल्लीच्या मालकाचं पत्र हवं, कंपनीच्या कागदावर, सहीचं, की यांना आम्ही कामातून मोकळं करत आहोत. ते घेऊन पुढच्या एक तारखेला सकाळी हजर व्हा. न आल्यास जागा यादीतल्या पुढच्या उमेदवाराला दिली जाईल. मी हिशेब मांडला. एकच्या सकाळी तिथे पोचायचं तर तीस तारखेची संध्याकाळी सातची बस पकडायला हवी. म्हणजे तीसला सहाच्या आत तो कागद माझ्या हातात हवा.

चार तारखेला मी केबिनमध्ये गेले. सगळं सांगितलं. भाऊजींनी चष्मा काढला, पुसला.

"अरे वा. चांगलं झालं की. तुझं नावच होतं तसं शाळेत."

"मग पत्र द्याल?"

"देतो की."

"हे देतो कितव्या नंबरचं?"

ते हसले. चष्मा परत डोळ्यांवर चढवला. "घरच्या माणसाला कसले गं नंबर?"

दोन्ही हात त्यांनी टेबलाखाली घेतले होते. मी पाहिलं ते, आणि मला जे कळायचं ते कळलं. तरी बाहेर येऊन मी कामाला लागले. माणूस मूर्ख असतो तो असा.

दहा तारखेला पुन्हा विचारलं. "देतो म्हटलं ना, एवढी कारखान्याची तपासणी होऊन जाऊ दे." पंधराला विचारलं. "अगं, सूनबाईला जरा हाताशी धर, ती तयार झाली की तू मोकळीच." सूनबाई म्हणजे भाऊजींच्या मुलाची बायको, मागच्या वर्षी आली. शिकलेली पोरगी, चटपटीत. ती तिथेच कागद लावत होती. ती म्हणाली, "बाबा, मला येतं सगळं. काकूंचे चारही मसुदे मी केव्हाच पाठ केलेत." भाऊजींनी तिच्याकडे अशा नजरेने पाहिलं की ती बिचारी प्रिंटरमध्ये कागद आहे का ते बघायला लागली. होता की, चांगला गठ्ठा होता.

ताईला कळलं ते अर्थातच त्याच दिवशी. दुपारी आम्ही चादरींच्या घड्या घालत होतो, एक टोक तिच्या हातात, एक माझ्या.

"तुला इथे काय कमी आहे, धाकटे?"

"काही नाही."

"मग?"

ह्या 'मग'ला उत्तर काय द्यायचं सांगा. जेवायला मिळतं, अंगावर कपडे आहेत, कुणी उलटून बोलत नाही. तुरुंगातसुद्धा हे सगळं मिळत असेल, असं जिभेवर आलं होतं, गिळलं.

"पुढच्या महिन्यात माझ्या डोळ्याचं ऑपरेशन आहे," ताई म्हणाली. "मी डॉक्टरला सांगितलं, घरी माझी धाकटी आहेच. मग पावणे येतील, तेव्हाही तू आहेसच. आणि सूनबाईचं बाळंतपण आज ना उद्या येईलच की, तेव्हा तुझ्याशिवाय कोण?"

माझी पुढची पाच वर्षं तिने दोन चादरींत घडी घालून ठेवली. 'तू आहेसच'. लग्न होऊन आले तेव्हापासून ऐकतेय मी हे. कुणाचं आजारपण आहे, तू आहेसच. ऑफिसात कुणी नाही, तू आहेसच. मी असेन की नाही असं कुणी कधी विचारलंच नाही. माझा इतका संताप झाला की चादरीचं टोक मी जरा जोरात ओढलं, तर ताई दोन पावलं पुढे आली. "हळू गं," म्हणाली, आणि पुढची चादर घेतली.

पंचवीस तारीख उजाडली. भिजत घोंगडं तसंच. मग मी ते पत्र स्वतःच टाइप केलं. चार ओळींचं, नेमकं, तारीख घातलेलं. सहीच्या फायलीत सगळ्यांत शेवटी ठेवलं आणि हिरवं पेन उघडलं.

खरं सांगते, पेन कोपऱ्यापर्यंत नेलं होतं. एक खूण केली असती की काम फत्ते. वाचतंय कोण? सही झाली असती, मी कागद काढून घेतला असता, तीसला बस. कुणी मला दोष दिला नसता, मी सोडून. पण ती खूण म्हणजे 'तुम्ही म्हणालात तेच लिहिलंय', आणि ते हे म्हणाले नव्हते. ह्या आवारात माझं स्वतःचं असं जे काही होतं ते तेवढंच होतं, एक हिरवी खूण. तीच खोटी करून बाहेर पडायचं, तर बाहेर नेणार काय? मी पेनाचं टोपण लावलं.

भाऊजी सह्या करत आले. एक, दोन, तेरा, चौदा. पंधराव्यावर हात थांबला.

"ह्याच्यावर खूण नाही."

"नाही. वाचावं लागेल."

त्यांनी वाचलं. बोट ठेवून, सावकाश, ओठ हलवत. संपल्यावर ड्रॉवर उघडला, पत्र आत ठेवलं आणि ड्रॉवर सरकवला.

"राहू दे माझ्याकडे. बघतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या टेबलावर, आलेल्या टपालात, एक लिफाफा होता. आमच्याच कंपनीचा. आत माझ्या फायलीतला छापील कागद. चार नंबर! नावाच्या मोकळ्या जागेत भाऊजींच्या वाकड्यातिकड्या अक्षरात माझं नाव. खाली सही. आणि कोपऱ्यात बरोबरची खूण, माझ्याच हिरव्या पेनाची.

मी तो कागद वाचला. शब्दन् शब्द माझा. आपण आमच्या परिवारातलेच आहात. आपल्या गरजेची आम्हाला पुरेपूर जाणीव आहे. योग्य वेळ येताच. मला हसू आलं, मग रडू आलं, मग पुन्हा वाचला. किती गुळगुळीत लिहिलं होतं मी! कुठे हात घालावा म्हटलं तर एक फट नाही. इतक्या माणसांना मी हे पाठवलं आणि वर त्याचा अभिमान बाळगला. त्यांना काय वाटलं असेल ते मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं, आणि माझीच मला किळस आली. पुन्हा विचारायची लाजही वाटली हो, अगदी ठरवल्यासारखी. सत्तावीस, अठ्ठावीस, एकोणतीस, तीन दिवस मी मूग गिळून काम केलं. वायसरांची दोन पत्रं गेली. दोन्हींना भाऊजींनी चार बोटं दाखवली.

तीस तारखेला नऊला मी एकेचाळीस पावलं चालून ऑफिसात गेले ती बॅग घेऊन. माझ्या टेबलाशी गेले नाही. केबिनसमोरच्या बाकावर बसले.

सव्वानऊला भाऊजी आले. "अगं, इथे काय बसलीस?"

"पत्र मिळालं की जाते."

त्यांनी बॅगेकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. त्यांना टोपीवाला आठवला, त्यांच्या तोंडावरच दिसलं. आत गेले आणि पडदा ओढून घेतला.

बाकावर बसून ऑफिस वेगळंच दिसतं. माझं टेबल केवढं लहान, कोपऱ्यात घुसवल्यासारखं. त्यावर फोन वाजायला लागला की माझे पाय आपोआप जमिनीला टेकायचे. दोनदा तर मी अर्धी उठले. सूनबाई धावत येऊन फोन घ्यायची. "मॅडम काकू बाहेर आहेत," सांगायची, आणि मी समोर दोन हातांवर! जाताना मला डोळा मारून गेली. थोड्या वेळाने कपभर चहा आणून ठेवला. "काकू, उठू नका हं," हळूच म्हणाली. "उठलात की संपलं."

अकराला ताई आली. शेजारी बसली. मला वाटलं ओरडेल, लोक काय म्हणतील वगैरे. त्याची मी तयारी करून ठेवली होती. पण ती रडायलाच लागली.

"मला एकटीला टाकून चाललीस? ह्यांच्याशी मी काय बोलू गं? दिवसभर 'बघू' आणि 'करू'. तू होतीस म्हणून मी ह्या घरात टिकले."

हे तिने आधी का नाही सांगितलं हो? वीस-बावीस वर्षांत एकदा तरी! तिचा हात धरून मी म्हणणारच होते, चल ताई, घरी जाऊ. शब्द ओठांवर आला होता. मग ती पदराने डोळे पुसत म्हणाली, "आणि ऑपरेशनच्या वेळी तू आहेसच म्हणून मी डॉक्टरला..." आणि मी हात सोडला. "ऑपरेशनला चार दिवस रजा काढून येईन," म्हटलं. "एक नंबर. तारीख सांग." ती तारीख न सांगताच उठून गेली.

एकला भाऊजी मागच्या दाराने जेवायला गेले, दोनला मागच्या दाराने आले. मी पिशवीतली बिस्किटं खाल्ली. तीन वाजले. चार वाजले. साडेचारला मी काचेकडे डोळे लावून बसले. टोपीवाल्याला साडेचारला मिळालं होतं.

मला मिळालं नाही. पडदा हललासुद्धा नाही. टोपीवाला परका होता, तो बसला तर शरम. मी काय, घरातलीच. मी बाकावर बसले काय आणि टेबलाशी बसले काय, सहा वाजता एकेचाळीस पावलं चालून परत जाणारच, हे त्यांना ठाऊक होतं. पाच वाजले. शेडमधली पाळी सुटली, कामगार हातपाय धुऊन माझ्यासमोरून गेले, कुणी 'येतो मॅडम काकू' म्हणालं, कुणी बॅगेकडे बघून मान खाली घातली. मला आता भीती वाटायला लागली. आज हे झालं नाही तर पुन्हा मी मागणार नाही, मला माझी खात्री होती. उद्या मी टेबलाशी बसेन आणि ताईच्या ऑपरेशनची तारीख कॅलेंडरवर लिहीन. साडेपाच झाले. मी बॅगेचा पट्टा मुठीत धरून बसले होते, हात दुखेपर्यंत.

पावणेसहाला केबिनचं दार उघडलं. पुढचं दार.

भाऊजींच्या हातात कंपनीचा कोरा कागद होता. कोरा नव्हता, लिहिलेला होता, हाताने. बोटांना शाई लागलेली. दुपारपासून ते तेच करत होते, सूनबाईने मला नंतर कळवलं. तिने टाइप करून देते म्हटलं तर तिलाही हाकललं, आणि टोपलीत सात कागद चुरगळलेले निघाले. मी लिहिलेलं ते चार ओळींचं पत्र ड्रॉवरमध्ये होतं, नुसती सही करायची होती. ते त्यांनी काढलं नाही.

"वाच," म्हणाले.

इंग्रजीत तीन वाक्यं होती. शाळेच्या वहीत लाल शाईने भरून गेलं असतं असं इंग्रजी. यांना आम्ही आजपासून मोकळं केलं. यांनी चांगलं काम केलं, आमच्याकडे असं कोणी नाही. आणि तिसरं, 'शी विल कम बॅक ऑन', आणि पुढे टिंबं. टिंबं, टिंबं, ओळ संपेपर्यंत.

"भाऊजी, तारीख?" सवयीने विचारलं.

"ती तू घाल."

मी त्यांच्याकडे पाहिलं. पंधरा वर्षांत त्यांनी कुठलीही तारीख माझ्यावर सोडली नव्हती. त्यांचे डोळे लाल झाले होते, आणि मला ह्या माणसाचा इतका राग आला, आणि इतकी माया आली, की काय करावं सुचेना. त्यांनी खिशातून माझं हिरवं पेन काढून पुढे केलं. मी गुडघ्यावर कागद ठेवून कोपऱ्यात बरोबरची खूण केली. ते म्हणाले होते, तेच लिहिलं होतं. टिंबं मी तशीच राहू दिली.

सहाला दहा कमी होते. बॅग उचलली. कागद दुमडला नाही, शाई ओली होती, म्हणून हातातच धरला. बसलेला गुडघा सरळ करून दारापर्यंत गेले आणि वळून म्हटलं, "येते, भाऊजी."

ते बाकाशी उभे होते. मी उठले त्या जागेकडे बघत.

"धाकटे," म्हणाले, "हे येते कितव्या नंबरचं?"

माझ्या एका हातात बॅग होती, एका हातात तो कागद. बोटं दाखवायला हात मोकळा नव्हता. सातची बस गाठायची होती, म्हणून मी खांद्याने दार ढकललं आणि फाटकाकडे चालायला लागले.